जिवाणी

जाग आली तेव्हा कालिंदीला आधी एवढंच कळलं की घर फार गप्प आहे. तिनं शेजारी हात टाकला. गोधडी होती, गोधडीत ऊब होती, रेवा नव्हती. वसंत भिंतीकडं तोंड करून झोपला होता. नव्या घरातली ही दुसरीच सकाळ. उजेड कुठल्या खिडकीतून येतो, उंबरा कुठं लागतो, हे अजून पायांना ठाऊक नव्हतं. मधल्या खोलीत हातगाडीवरून उतरवलेल्या ट्रंका, सुतळीनं बांधलेली भांडी, गुंडाळलेली सतरंजी, सगळं न बोलावता येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखं अंधारात बसलं होतं. त्यातून वाट काढत ती स्वयंपाकघरात आली आणि परसाचं दार तिला सताड उघडं दिसलं. रात्री कडी तिनं स्वतः घातली होती. अंथरुणावर पडल्यावर परत उठून ओढून बघितली होती. वसंत म्हणालाही होता, "दार आता आपलं आहे बाई. भाड्याचं असल्यासारखं तपासू नकोस."

परसात आडाच्या कठड्याशी एक म्हातारी पाठमोरी उभी होती. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, कमरेत काटकोनात वाकलेली. तिच्या शेजारी धुण्याच्या दगडावर चढून, कठड्यावर पोट टेकून रेवा आत बघत होती. दोन्ही हात आत लोंबत होते. पाय दगडावर होते की अधांतरी, ते दारातून नीट दिसत नव्हतं. म्हातारीच्या हातात दोरी होती, आणि ती दोरी इतकी हळू खाली सोडत होती की जणू तळाशी कुणीतरी झोपलेलं आहे. रेवाला कुणीच धरलेलं नव्हतं.

कालिंदी ओरडली नाही. ओरडलं की मूल दचकतं, दचकलं की तोल जातो. अनवाणी पायानं, ओल्या फरशीवर टाचा न वाजवता ती गेली, दोन्ही हातांनी रेवाला कमरेत धरून उचललं आणि मग तिच्या घशातून आवाज आला. तो शब्द नव्हता.

म्हातारीनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर दचकणं नव्हतं, की ओशाळणं. "उठलीस व्हय?" ती म्हणाली, घर तिचं आणि कालिंदी मुक्कामाला आलेली असल्यासारखं. "पोरगी कवाच उठलीया. दाराची कडी काढून आली बघ आपली आपण. शानी हाय."

"तुम्ही कोण?"

"मी व्हय? मी हितलीच की," म्हातारी म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबली, आणि दुरुस्ती केल्यासारखं म्हणाली, "धनपालची आई. सीताबाई. पाण्याला आलतो."

कालिंदीनं दाराकडं पाहिलं. परवा सामान आणण्याच्या घाईत जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. दाराची कडी मांडीइतक्या उंचीवर होती. आत येऊन पाहिलं तर फडताळाची कडीही तिथंच. भिंतीतले खिळे, देवळीची फळी, दिव्याचं बटण, सगळं खाली. हे घर चाळीसएक वर्षं एका वाकत गेलेल्या बाईच्या हाताला यावं म्हणून तिच्याबरोबर खाली खाली उतरत आलं होतं, आणि उतरता उतरता अडीच वर्षांच्या मुलीच्या उंचीला येऊन थांबलं होतं.

वसंत चहा पिता पिता म्हणाला, "अगं हो, सांगायचं राहिलं तुला." सांगायचं राहिलं ते असं. खरेदीखत नोंदवायला गेले होते त्या दिवशी कचेरीबाहेरच्या चिंचेखाली घर विकणाऱ्या धनपालनं त्याला बाजूला घेतलं होतं. भावाभावांत वाटणी झाल्यामुळं घर विकावं लागत होतं, धनपाल दोन गल्ल्या पलीकडं भाड्याच्या माडीवर जात होता. तिथं नळ होता, आड नव्हता. आणि आईचं व्रत होतं. नळाचं पाणी तिला चालत नव्हतं. बस्तीतला, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातला, आड दुष्काळात आटला तो अजून भरला नव्हता. सकाळी एक कळशी पाणी, मागच्या बोळातून येईल, मागच्या मागं जाईल, तुम्हाला तिचा पायरवसुद्धा लागणार नाही, सर. "मी हो म्हटलं," वसंत म्हणाला. "एक कळशी पाणी. नाही कसं म्हणणार? तू तरी म्हणाली असतीस?"

तीही नाही म्हणाली नसती. म्हणूनच तिला विचारलं नव्हतं, हे तिला कळलं, आणि चहा कडवट लागला. खरेदीखतात किती काय काय होतं. पूर्वेस सरकारी बोळ, पश्चिमेस अमक्याचं घर, आडासह, झाडाझुडपासह, वरच्या कौलांसह, खालच्या दगडमातीसह. ते वाचून दाखवलं जात होतं तेव्हा तिला छाती भरून आल्यासारखं वाटलं होतं. आकाशसुद्धा आपल्या नावावर होतंय असं. आणि त्या सगळ्या लिहिलेल्यावर एक न लिहिलेली म्हातारी रोज सकाळी पाय न वाजवता येणार होती.

दिवसभर ती घर लावत राहिली. डबे ओळीनं मांडले, मनासारखे दिसेनात, पुन्हा काढले. भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोनी पांढुरके डाग होते, त्यांच्यावर आपले फोटो लावावेत तर आकार जुळत नव्हते. कुठल्याही खोलीत शिरलं की हात भिंतीवर वर जायचा आणि बटण खाली असायचं. संध्याकाळी तिनं कांदा चिरून फोडणीला टाकला आणि एकदम हात थांबला. ह्या चुलखणावर आजवर कांदा पडलेला नसणार. वास उठला, तुळयांपर्यंत गेला, तिथं थबकल्यासारखा झाला. आपल्याच घरात काहीतरी चोरून खातोय असं वाटून तिनं खिडकी उघडली, मग रेवा खिडकीवर चढेल म्हणून लावली.

मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत असं नव्हतं. तिथं जागा नव्हती आणि म्हणून भीतीलाही जागा नव्हती. रेवा नऊ महिन्यांची असताना तिच्या घशात भुईमुगाचा दाणा अडकला होता. दाणा निघाला, मूल रडलं, सगळं निभावलं. पण अडकला होता तेव्हा जो गप्पपणा झाला होता तो कालिंदीच्या कानात कायमचा राहून गेला. तेव्हापासून ती मुलीचा आवाज ऐकत नसे, आवाजांमधली अंतरं ऐकत असे. दोन खोल्यांत ते जमायचं. वाटी वाजली म्हणजे इथं, मोरीत पाणी सांडलं म्हणजे तिथं. ह्या घराला पाच खोल्या, माळा, परस. घर कानांपेक्षा मोठं झालं होतं. ह्या घरासाठी तिनं दोन वर्षं हट्ट धरला होता. स्वतःचं अंगण हवं, मुलीला मोकळं खेळता आलं पाहिजे, असं ती म्हणायची. ते आता आठवलं की दुसऱ्याच कुणी बाईचं बोलणं वाटायचं.

शेजारच्या अंबूबाईनं गडग्यावरून ओळख करून घेतली. उंच, ठसठशीत बाई, बोलली की बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. "काय वो, आड झाकायचं चाललंय म्हनं तुमचं?" कालिंदीनं अजून कुणाजवळ तसं म्हटलंही नव्हतं, पण सकाळी कठड्याभोवती फेऱ्या घालून ती वितींनी मापं घेत होती ते गडग्यावरून दिसलं असणार. "झाकू नगासा. लई गुनाचा आड हाय. दुष्काळात समद्या पेठंला पानी दिलंय त्यानं." मग कालिंदीच्या तोंडाकडं बघून, धीर द्यायचा म्हणून, "आनी भ्यायाचं काय? अजून कुनाला घेतल्याला न्हाय त्यानं."

त्या वाक्यातला 'अजून' कालिंदीनं घरात नेला. डाळीच्या डब्यामागं, ट्रंकांच्या खाली, कुठंही ठेवला तरी तो दिसत राहिला.

सीताबाई रोज यायची. कालिंदी तिच्या आधी उठून दारात उभी राहायला लागली, एका हातात रेवाचा दंड. दार न उघडता बघता आलं असतं, पण रेवा दाराला लाथा मारायची, "अव्वा आली, अव्वा आली" म्हणून. धनपाल आईला अव्वा म्हणे, निपाणीकडची माणसं ती. रेवानं ते उचललं होतं. म्हातारी पाणी शेंदायची, स्वच्छ दुहेरी कापड कळशीच्या तोंडावर धरून गाळायची. मग खरं काम सुरू व्हायचं. गाळलेल्या पाण्याकडं ती बघायचीच नाही. ती बघायची कापडाकडं. कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्याची धार त्यावर सोडायची आणि ते धुवण एका छोट्या लोट्यात घ्यायची. लोट्याच्या बुडाला एक कडं होतं, आणि दोरी त्याच्यातून अशी ओवलेली की लोटा उभाच्या उभा खाली जायचा आणि पाण्याला टेकला की एका हिसक्यात उलटा व्हायचा. वरून ओतलं तर चालत नव्हतं.

"वरनं टाकलं तर मरतील की," ती म्हणाली, रेवाला, तिची समवयस्क असल्यासारखी. "बारीक जीव अस्त्यात पान्यात. डोळ्याला दिसत न्हाईत. आपन पानी घेतलं, पर त्यास्नी कशाला घ्यायचं? ज्या पान्यातनं आलं त्या पान्यात परत सोडायचं. हेला जिवाणी म्हनायचं."

"दुसऱ्या पाण्यात?" रेवानं विचारलं.

"दुसऱ्या पान्यात न्हाय जगत त्ये. जितलं तितंच."

खालून बुडबुड आवाज आला, लोटा उलटला. म्हातारी डोळे मिटून उभी राहिली, मग म्हणाली, "पोचलं." आणि रेवा म्हणाली, "पोचलं."

काय वाईट होतं त्यात? कालिंदी स्वतःलाच विचारायची. न दिसणाऱ्या किड्यासाठी जी बाई दोरी इतकी जपून सोडते, ती काय मुलीचं वाईट करणार? उलट कॉलेजात असती तर तिनं ह्यावर कौतुकानं निबंध लिहिला असता. पण पहिल्या सकाळचं ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नव्हतं: एका बाजूला न दिसणाऱ्या जिवांची एवढी काळजी, आणि त्याच बाईच्या कोपराशी, हात लोंबत असलेलं, दिसणारं मूल. म्हातारीचं तिकडं लक्षच नव्हतं. पाण्यात पडणं ही गोष्ट भिण्यासारखी असते हेच तिच्या मनात कधी आलं नसावं. तिच्या लेखी पाणी म्हणजे परत जाण्याची जागा.

मग वस्तू जायला लागल्या. आधी रेवाची वाटी. घर लावताना कुठंतरी गेली असेल म्हणून कालिंदीनं दोन ट्रंका उपसल्या. मग पितळी फुलपात्र. मग दूध गाळायची गाळणी. "रेवा, गाळणी कुठं आहे?" रेवा खेळातून मान वर न करता म्हणाली, "दिली."

"कुणाला दिली?"

"पाण्याला."

"का दिलीस?"

रेवानं आता वर पाहिलं. आईला साध्या गोष्टी कळत नाहीत ह्याचा तिला मधूनमधून कंटाळा यायचा. "अव्वाची पण पाण्याला जाते," ती म्हणाली.

फुलपात्राचं विचारलं तर म्हणाली, त्यात आडातलं पाणी होतं. वाटीतही होतं. तिचा एक हिशेब होता, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. पण कालिंदीच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. ह्या वस्तू टाकायला मुलगी आडाशी गेली होती. केव्हा? ती तर सतत कान देऊन होती. निदान तीनदा, सतत कान देऊन असताना, तिची मुलगी कडी काढून, दगडावर चढून, पोट टेकून आत वाकली होती, आणि परत आली होती. आणि तिला कळलं नव्हतं. परत आल्यामुळंच कळलं नव्हतं.

त्याच दुपारी बोळातून बोहारणीची हाक गेली आणि नेहमीसारखी कालिंदी दारामागं सरकली. तिशीला आली तरी सरकायची. नेसरीला, माहेरी, लहानपणी, आक्का, म्हणजे तिची मोठी बहीण, तिला चिडवायची: तू आमची नव्हेसच, आईनं तुला जुन्या लुगड्यावर बोहारणीकडून घेतली. घरातले सगळे हसायचे. कालिंदीही हसायची. पण बोहारीण गल्लीत आली की ती कणगीमागं जाऊन बसायची. आणि एकदा, केवळ एकदा, बसली नाही. फ्रॉक नीट करून दारात जाऊन उभी राहिली. न्यायचं तर ने एकदाची, म्हणून. बोहारणीनं तिच्याकडं बघितलंही नाही. ते तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय. हाक बोळाच्या टोकाला गेली, विरली, आणि कालिंदी उठून वसंतची वाट बघत दारात बसली.

"आडावर जाळी बसवायची," ती म्हणाली. "लोखंडी. कुलूपवाली."

"आणि सीताबाई?"

"सकाळी मी उघडून देईन."

वसंत शाळेच्या कपड्यांतच पायरीवर टेकला. "शब्द दिलाय गं मी. जाळी म्हटली की तिला वाटणार, आपल्याला बंद केली. आणि मूल काय, आज नाद आहे, उद्या विसरेल. तुझं ते कॉलेजातलं तर्कशास्त्र घेऊन बसतेस. अमुक असेल तर तमुक होईल."

"तमुक झाल्यावर काय करायचं ते तुम्ही सांगा."

पापाच्या तिकटीजवळच्या लोहाराकडून जाळी आली. दोन फळ्यांची, मधे कोयंडा. कालिंदीनं कुलूप लावलं आणि आडाचं तोंड पहिल्यांदा चौकटी चौकटींचं झालं. त्या रात्री तिला झोप लागली. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती.

सकाळी जाळी वाजली. सीताबाईनं हात लावून बघितला असणार. एकदाच वाजली. कालिंदी जागी होती. रेवाचं डोकं तिच्या दंडावर होतं, श्वास एकसारखा चालला होता, त्यात अंतरं नव्हती. उठायचं होतं, किल्ली घ्यायची होती. उठेन, ती मनात म्हणाली, आणि उठली नाही. रेवा जागी होईल असं कारण तिनं स्वतःला दिलं, ते खरंही होतं. म्हातारी हाक मारील, मग उठू. म्हातारीनं हाक मारली नाही. बोळातलं फाटक लागल्याचा आवाज आला, इतका हळू, की घरातल्यांची झोप मोडू नये. दुसऱ्या सकाळीही तसंच झालं. तिसऱ्या सकाळी जाळी वाजली नाही, आणि मग कालिंदीला झोप येईना. न वाजणारी जाळी ती ऐकत पडली. रेवा दारात बसून म्हणायची, "अव्वा का येत नाही?" आणि कालिंदी म्हणायची, "येईल हं. बरं नसेल तिला." बोलून झाल्यावर तिला आपलेच शब्द ऐकू यायचे.

धनपाल आला तो चौथ्या दिवशी, पुढच्या दारानं, पाहुण्यासारखा, चपला बाहेर काढून. आपण जन्मलो त्या घरात तो बसायला जागा शोधत होता. वसंतनं खुर्ची पुढं केली. "न्हाय, बसत न्हाय सर. वहिनींशी बोलायचं हुतं." तो भिंतीतल्या त्या खालच्या बटणाकडं बघत बोलला. "अव्वानं पानी सोडलंय."

कालिंदीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"रागानं न्हाय वो. राग न्हाय तिला. मीच म्हनलं, अव्वा, मागून आनतो की किल्ली, त्यात काय. तर म्हनती, मागायचं न्हाय. दिलं तर घ्यायाचं. न्हाय मिळालं म्हनून न्हाय घेतलं, एवढंच. घशाला कोरड पडलीया, आवाज फुटंना झालाय. डाक्टर म्हनतोय सलाईन लावू. ती हात आखडून घेती." तो थांबला. "तुमची बाजू मला कळती. लेकरू हाय. मी जाळी बघितली, चांगली केलीसा. मलाच आधी सुचायला पायजे हुतं. फकस्त..."

"आणा त्यांना," कालिंदी म्हणाली. "आत्ता आणा. मी उघडते."

ती स्वयंपाकघरात गेली. खिळा होता, किल्ली नव्हती. खिळा तिच्या कमरेइतका खाली होता. आपण रोज वाकून किल्ली अडकवत होतो, हे तिला आत्ता, वाकलेली असताना कळलं. मागं रेवा उभी होती.

"किल्ली कुठं आहे रेवा?"

"दिली."

"पाण्याला?"

"त्याचंच कुलूप," रेवा म्हणाली.

जाळीच्या चौकटीतून किल्ली जात होती. कालिंदीनं बोटानं माप घेतलं. किल्ली जात होती, रेवाचा हात कोपरापर्यंत जात होता. बाकीची रेवा जात नव्हती. वसंतनं वरवंटा आणला आणि घाव घातले. लोहारानं कुलूप भक्कम दिलं होतं, ते तुटलं नाही. कोयंडाच पिरगळून वर आला आणि जाळीची एक फळी बिजागरीतून निखळली. "उद्या दुरुस्त करून आणतो," वसंत धापा टाकत म्हणाला. आडाचं तोंड पुन्हा गोल झालं. आत, खूप खाली, आकाशाचा एक तुकडा हलत होता.

धनपालनं आईला दंडाला धरून आणलं. ती अजून वाकली होती. आता तिची उंची रेवापेक्षा फार नव्हती. ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते. कालिंदीला वाटलं होतं ती आपल्याकडं बघेल, किंवा बघणार नाही. तिनं नेहमीसारखं बघितलं. "उठलीस व्हय?" ती म्हणाली, घोगऱ्या, जवळजवळ नसलेल्या आवाजात. सूर्य कौलांवर आला होता. माफ करा, हे शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथं फार पुस्तकी वाटले. तिनं खाली वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. "असू दे, असू दे," म्हातारी म्हणाली. धनपालनं पाणी शेंदलं. गाळायला मात्र तिनं दिलं नाही. स्वतः कापड धरलं, स्वतः गाळलं. ओंजळीनं पाणी प्याली. घोट गळ्यातून उतरताना दिसत होते. अंबूबाई गडग्यावरून बघत होती. वसंतनं कालिंदीकडं बघितलं, त्याच्या डोळ्यांत सुटल्याचं समाधान होतं. कालिंदीच्या मनात आलं, झालं, संपलं. रोज उघडू, रोज लावू. इतकं सोपं होतं.

मग म्हातारीनं कापड उलटं केलं, धुवण लोट्यात घेतलं आणि दोरी सोडायला लागली. रेवा कालिंदीच्या मुठीतून पुढं झुकली होती, तिचे डोळे लोट्यावर. लोटा उभाच्या उभा खाली चालला होता.

"अव्वा," रेवा म्हणाली, "मला कधी सोडायचं?"

"कुटं बाळ?"

"आत. जितलं तितं." ती म्हातारीचाच शब्द म्हातारीच्याच सुरात म्हणाली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. पाळी केव्हा येणार, एवढंच तिला हवं होतं. "बाबांनी मला ह्यातनंच काढली. कळशीत बसून आले मी."

वसंत हसला. घर बघायला आले होते त्या दिवशी तोच म्हणाला होता, ह्याच कठड्याशी, रेवाला कडेवर घेऊन. "ह्यात काय आहे?" असं तिनं विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, पाणी आहे, आणि तू होतीस, तुला ह्यातनंच काढली आम्ही, कळशीत बसून वर आलीस. धनपाल हसला होता. कालिंदीही हसली होती, मोठ्यानं, घर आवडल्याच्या आनंदात. वसंतचं आताचं हसू अर्ध्यावर आलं आणि तिथंच राहिलं. ओठ मिटायचं त्याला सुचेना.

दोन विधानं मान्य केलीत, तर्कशास्त्राचे सर सांगायचे, की तिसरं दाराशी येऊन उभं राहतं. त्याला बोलवावं लागत नाही, आणि घालवताही येत नाही. पाण्यातनं आलेलं पाण्यात परत सोडायचं. मी पाण्यातनं आले. वाटी, फुलपात्र, गाळणी, किल्ली. मुलगी खेळत नव्हती. ती एकेक करून हिशेब पुरा करत होती.

म्हातारीच्या हातातली दोरी थांबली होती. लोटा मधेच लोंबकळत होता. "सर," ती वसंतला म्हणाली, "लेकराला काय सांगितलंसा ह्ये?"

"चेष्टा केली हो. आपलं उगीच."

"त्यास्नी कुटली चेष्टा," म्हातारी म्हणाली. पण दोरी मधे सोडून देणं तिला शक्य नव्हतं. लोट्यात जीव होते.

कालिंदी रेवासमोर गुडघ्यांवर बसली. "रेवा, माझ्याकडं बघ. बाबांनी खोटं सांगितलं. गंमत केली. तू आडातनं नाही आलीस. तू माझ्या पोटातनं आलीस. इथून. कळलं?" तिनं तिचा तळवा आपल्या पोटावर ठेवला. "बाबा, सांगा तिला."

"हो गं," वसंत म्हणाला. "गंमत केली मी."

रेवानं ऐकून घेतलं. औषध गोड आहे असं कालिंदी सांगायची तेव्हा ती जशी ऐकून घ्यायची, अगदी तशी. मान हलवत, विश्वास न ठेवता, आईला वाईट वाटू नये म्हणून. अव्वाला बरं नाही, येईल हं, असं सांगितलं तेव्हाही तिनं असंच ऐकून घेतलं होतं. मग तिनं मान वळवून आत बघितलं. कालिंदीला नेसरीच्या घराचं दार आठवलं, नीट केलेला फ्रॉक आठवला, आणि बोहारीण न बघता, न थांबता पुढं निघून गेली ते. आड पुढं निघून जाणारा नव्हता.

म्हातारीनं उरलेली दोरी सोडली. सगळे ऐकत होते. खूप वेळानं खालून बुडबुड असा आवाज आला.

"पोचलं," रेवा हळूच म्हणाली.

कालिंदीनं तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला. एवढा घट्ट की बोटं पांढरी पडली. आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या हाताची बोटं मिटलेली नाहीत. मऊ, ओली, उघडी बोटं तिच्या मुठीत नुसती पडून होती. धरलं होतं ते फक्त तिनं.